दोन रिंगा

मुलीने घेऊन दिलेला फोन इतका महाग आहे, की भाजीला जाताना तो मी घरीच ठेवते. ती तिकडे अमेरिकेत बसून चिडते. मी म्हणते, भेंडी निवडताना मला कोण फोन करणार आहे?  करणारी तीच, आणि तेव्हा तिची झोपायची वेळ असते.

मागच्या खेपेला ती आली होती, तेव्हा माझा जुना बटणांचा फोन घेऊन आम्ही बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने तो उलटासुलटा करून पाहिला. "काकू, हा दुरुस्त नाही करायचा, शोकेसमध्ये ठेवायचा." पुण्यात वस्तू मिळो न मिळो, सल्ला मिळतोच. तासाभरात हा नवा माझ्या हातात. ह्यांनी बिल संध्याकाळपर्यंत तीनदा वाचलं. मग म्हणाले, "एवढ्यात स्कूटर आली असती."

"बाबा, स्कूटरवर बसून मी आईला दिसणार आहे का?"

दिसते खरी. इतकी स्पष्ट, की कानाजवळचे दोन पांढरे केसही दिसतात. ते नसते दिसले तरी चाललं असतं. पैसे वसूल झाले का, असं शेजारच्या वहिनी विचारतात. झाले, म्हणते मी. पण जीव अडकलाय तो कपाटातल्या जुन्या, बंद फोनमध्ये.

ती सोलापूरला शिकायला होती. शनिवारी संध्याकाळी एसटीने यायची आणि स्वारगेटला उतरली की मिस्ड कॉल द्यायची. दोन रिंगा म्हणजे पोचले, कणीक भिजव. उचलायचा नाही, उचलला की तिचे पैसे जायचे. एकदा ह्यांनी लेकीचा फोन म्हणून उत्साहाने उचलला, तर चपला काढायच्या आधी तिने त्यांनाच फैलावर घेतलं. कोथरूडची बस मिळून, जिना चढून ती दारात यायची, तेव्हा तव्यावर पहिली पोळी फुगलेली असायची. ती तशीच उभ्याने खायची.

गेल्या शनिवारी संध्याकाळी नवा फोन वाजला. दोन रिंगा, आणि बंद.

मी उठले, परात घेतली. हल्ली आम्ही दोघं रात्री खिचडीवर भागवतो, पण ते डोक्यातच आलं नाही. कणीक मळून झाली तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"कोण येणार आहे?"

माझा हात तिथेच थांबला.  तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तशाच हाताने उचलला, काचेला कणीक लागली.

"अगं, मघाशी चुकून लागला," मुलगी म्हणाली. "हे काय, हाताला कणीक? आज खिचडी नाही?"

"तू स्वारगेटला उतरलीस असं वाटलं."

 तिचे डोळे भरून आले, तेही मला अगदी स्पष्ट दिसलं. महागाचा फोन आहे. मला ती हवी होती, दारात, चपलांसकट, भुकेली.

पोळ्या केल्या. तिच्या वाटणीच्या तीन उरल्या. सकाळी त्यांची फोडणीची पोळी केली आणि आम्ही दोघांनी खाल्ली.