कोंडवाड्यामागची खाऊ गल्ली

नगरपालिकेचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गाड्यावर रोज उभं राहिलं की वरच्या पत्र्याला धुराचा चिकटा बसतो, तसे ते बसत जातात. एक दिवस खरवडायला घ्यावं तर निघतच राहतात. आमच्या बस स्टँडसमोरच्या गाड्यांना रीतसर परवाने द्यायचं नगरपालिकेनं ठरवलं, तेव्हापासून माझ्याकडं इतके साचलेत की कुणी भेटलं की एखादा सांगितला जातोच. लोक हसतात. त्यांच्यासोबत मीही हसते. घरी गेल्यावर तोच किस्सा आठवला की मात्र जेवण जात नाही.

आधी माणसं सांगते. परभणी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. वडील शिक्षक, भाऊ शिक्षक, म्हणून मीही डीएड केलं. भरतीची वाट बघता बघता लग्न झालं, आणि मग इडलीचा गाडा टाकला. वडील अजून ओळखीच्यांना "मुलगी प्रायव्हेटमध्ये आहे" असं सांगतात. स्टँडवर मला सगळे बाई म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. माझ्या एका बाजूला गयाबाई, पेडगावकडची. घरची मेंढरं विकावी लागली तेव्हापासून पिठलं-भाकरी करून विकते. दुसऱ्या बाजूला रशीदभाई, मिरची भजीवाले. त्यांच्या पलीकडं सुदाम, पाणीपुरी. आणि नगरपालिकेत परवान्याच्या टेबलावर जोशी साहेब.

*

परवान्याच्या आधी सर्व्हे झाला. ठेकेदाराची दोन पोरं मोबाईल घेऊन आली. जो गाडा जागेवर दिसेल त्याचा फोटो काढायचा, नाव टाकायचं, पुढं जायचं. आली सकाळी. रशीदभाईंचा गाडा तर ऊन उतरल्यावर लागतो, त्यामुळं ते राहिले.

जोशी साहेबांनी त्यांना सांगितलं, उद्या सकाळी लावा, पोरांना पाठवतो. दुसऱ्या दिवशी भर उन्हात रशीदभाईंनी कढई चढवली. सकाळच्या पारी मिरची भजी खातंय कोण? पोरांनीच खाल्ली, दोन-दोन प्लेट. मग हात पुसून मोबाईल काढला, तर सर्व्हर डाऊन. उद्या येतो म्हणाली.

रशीदभाई आठवडाभर सकाळी येत राहिले. संध्याकाळचं गिऱ्हाईक तुटलं, सकाळचं लागलं नाही. पोरं परत आली ती एकदम संध्याकाळी, रशीदभाई थकून घरी गेल्यावर. रिकाम्या जागेचा फोटो काढला आणि खाली शेरा टाकला : विक्रेता गैरहजर.

मला वाटलं आता हे भांडायला जातील. पण ते खूश दिसले. म्हणाले, "गैरहाजिर बोलके लिखे ना बाई? मतलब जगा तो मेरीच हाय."

*

गयाबाईचं उलटं झालं. ती जागेवर होती, फोटोही चांगला आला. पण मोबाईलच्या नकाशावर तिचा ठिपका पडला तो रस्त्यापलीकडच्या सरकारी कचेरीच्या कंपाउंडात. महिन्याभरात तिला नोटीस आली की तुम्ही सरकारी आवारात अतिक्रमण केलंय.

तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली आणि तिला घेऊन नगरपालिकेत गेले. जोशी साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी खुर्ची दिली, कॉम्प्युटर उघडला, ठिपका बघितला आणि चूक आहे हे लगेच मान्य केलं. पण ठिपका हलवायचा अधिकार त्यांच्या लॉगिनला नव्हता. तो वर होता. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही नक्की सांगता येईना.

गयाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, मंग मीच जाऊन बसू का तितं?"

"तिथं बसलात तर अतिक्रमण होईल, मावशी."

"आन् हितं बसले तर?"

"स्टँडसमोर तुमची नोंद नाही."

जिना उतरताना तिनं माझा दंड धरला होता. गुडघे दुखतात तिचे. खाली आल्यावर थांबली आणि मला विचारलं, "माय, मंग मी हाय तरी कुटं?"

मी तिला चहा पाजला.

*

पुढं निघालं की परवान्याला पाण्याचा तपासणी अहवाल लागतो. आमच्या सगळ्यांच्या घरी पाणी एकच, नगरपालिकेच्या नळाचं. ते आठ-दहा दिवसांनी येतं, आम्ही ते टाक्यांत भरून ठेवतो आणि पुरवून पुरवून वापरतो. मी स्वच्छ बाटलीत नमुना भरला आणि एसटीनं परभणीला नेऊन दिला. अहवाल आला : पिण्यास अयोग्य.

तो घेऊन मी टेबलावर ठेवला. जोशी साहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, अशा पाण्यावर परवाना कसा देता येईल? लोकांच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

मी म्हटलं, साहेब, पाणी तुमचंच आहे.

त्यांनी अहवालाची घडी घालून तो माझ्याकडं सरकवला. त्यांच्याही घरी तेच पाणी येत होतं. मग आवाज खाली करून म्हणाले, "बाई, पाणी पिण्यासाठी दिलंय. तपासायला कुणी सांगितलं?"

तपासायला त्यांनीच सांगितलं होतं. मी अहवाल उचलून निघाले. गाड्यावर आले तर गिऱ्हाईक सांबार मागत होतं. त्याच पाण्याचं सांबार मी वाढलं.

*

फेरीवाल्यांची एक समिती असते, आणि त्यात फेरीवाल्यांची एक बाई असावी लागते. शिकलेली म्हणून मला घेतलं. सगळ्यांना केवढा आनंद झाला! गयाबाईनं माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. बैठकीच्या दिवशी रशीदभाईंनी माझा गाडा सांभाळला.

विषय एकच होता. बस स्टँडसमोरचे गाडे हलवून कोंडवाड्याच्या मागं नवी खाऊ गल्ली करायची. मोकाट जनावरं कोंडायचा जुना वाडा आहे आमच्याकडं, त्याच्या मागची पडीक जागा. तिकडं माणूस जातच नाही. आमचं गिऱ्हाईक म्हणजे एसटीचं. बोरीची, पालमची गाडी लागेपर्यंत जे दोन घास खातं तेवढंच. ते कोंडवाड्यामागं कशाला येईल?

हे सगळं मी घरी पाठ करून गेले होते. सीओ साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, ठराव वाचला. कुणीतरी सुचवलं. मी बोलायला म्हणून हात वर केला.

सीओ साहेब हसून म्हणाले, "छान. अनुमोदन बाईंचं."

मी म्हटलं, नाही साहेब, मला बोलायचं होतं. तोवर पुढचा विषय निघाला होता आणि चहा आला होता. जोशी साहेब खाली मान घालून लिहीत होते. नंतर मी त्यांना गाठलं, माझं अनुमोदन खोडा म्हणून त्यांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, बाई, सभेत झालेलं खोडता येत नाही. तुम्ही हात वर केला, हे सगळ्यांनी बघितलंय.

संध्याकाळपर्यंत स्टँडवर बातमी पोचली की बाईंनीच गाडे हलवायला मंजुरी दिली. सुदाम चिडला, बोलला आणि विसरला. रशीदभाईंनी पाठीवर हात ठेवला. गयाबाईनं मात्र आपली चूल उचलून थोडी पलीकडं नेली, एवढंच. पाच वर्षं आम्ही शेजारी होतो. सकाळची पहिली भाकरी ती मला देत असे. दुसऱ्या दिवशीपासून ती बंद झाली.

*

हलायला आम्ही तयार नव्हतो, म्हणून ट्रॅक्टर आला. अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाच्या पोरांनी गाडे उचलून ट्रॉलीत टाकले. माझं इडलीपात्र रस्त्यावर पडलं आणि त्यावरूनच चाक गेलं. सुदामच्या पुऱ्यांचा चुरा झाला.

खाऊ गल्ली मात्र फोटोत छान दिसत होती. कमान, दिवे, जमिनीवर पिवळ्या रंगानं आखलेले चौकोन. चिठ्ठ्या टाकून चौकोन वाटले. सुदामला मिळाला त्याच्या बरोबर मध्ये विजेचा खांब. तो जोशी साहेबांकडं गेला. साहेब म्हणाले, खांब वीजवाल्यांचा, चौकोन आमचा, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

उद्घाटनाला पुढारी आले. एक पाणीपुरी खाल्ली, फोटो निघाला, गाड्या निघून गेल्या. त्यानंतर कुणी आलंच नाही. संध्याकाळी दिवे लागायचे आणि आम्ही आपापल्या चौकोनात उभे. लांबून स्टँडवरचा भोंगा ऐकू यायचा, अमुक गाडी अमुक फलाटावर. रशीदभाई तो ऐकून म्हणायचे, पालम गेली. बोरी गेली.

केलेलं नासू नये म्हणून आम्ही एकमेकांचंच खायला लागलो. मी सुदामची पाणीपुरी, सुदाम रशीदभाईंची भजी. एका संध्याकाळी गयाबाई भाकरी घेऊन माझ्या चौकोनापाशी आली आणि ती माझ्या हातावर ठेवली.

"खा," म्हणाली. "तुज्यावर राग धरून तरी काय करू? गिऱ्हाईक बी तूच हाईस."

*

सुदाम पहिला गेला. गाडा भंगारात दिला आणि बायको-लेकरं घेऊन पुण्याला गेला. एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागला. बरेच दिवस फोन नाही. मग एकदा आला. खोली मिळाली, मोठीला शाळेत घातली, सगळं सांगितलं. मी विचारलं, काम जड नाही ना?

म्हणाला, "जड काय न्हाई, बाई. गेटसमोर गाडे लागू द्यायचे न्हाईत, येवढंच काम हाय."

मी विचारलं, मग येतात का गाडे?

"येतेत की. एक पाणीपुरीवाला रोज येतो. रोज हाकलायलोय त्याला."

*

हळूहळू आम्हीही तिकडं जाणं सोडलं. रशीदभाई घराच्या ओट्यावर तळायला लागले, मी घरूनच इडलीच्या ऑर्डरी घ्यायला लागले. गयाबाई घरीच बसून होती. परवाना कुणाचाच आला नव्हता. खाऊ गल्लीत मोकाट गुरं बसायची, पिवळ्या चौकोनांत.

एक दिवस जोशी साहेबांचाच फोन आला. तपासणीला वरून पथक येणार होतं. उद्या संध्याकाळी सगळ्यांनी खाऊ गल्लीत गाडे लावा, फक्त एक दिवस. मी विचारलं, मग परवाने मिळतील का? ते म्हणाले, ते नंतर बघू, बाई, उद्याचं तेवढं सांभाळा. आवाज रडकुंडीला आला होता.

मी म्हटलं, जायचं नाही. रशीदभाईही नको म्हणाले. पण गयाबाईनं विचारलं, "गिऱ्हाईक येनार हाय का?" येणार होतं. नगरपालिकेच्या झाडून सगळ्या माणसांना हुकूम होता, साध्या कपड्यांत, घरच्यांना घेऊन यायचं. "मंग जाऊ की," ती म्हणाली. "लय दिस झाले, कुणाला वाढलं न्हाई."

गाडे न्यायला नगरपालिकेनं ट्रॅक्टर पाठवला. ट्रॉलीत चढवताना अतिक्रमणाच्या त्याच पोरांनी या वेळी खाली पोती अंथरली.

काय गर्दी झाली त्या संध्याकाळी! झाडूवाल्या बाया, नळ सोडणारे, वसुलीचे कारकून, त्यांच्या बायका, लेकरं. लेकरांना हुकूम-बिकूम माहीत नव्हता, ती मनापासून खात होती. माझं पीठ संपलं. रशीदभाईंचा सदरा घामानं भिजला होता आणि ते हसत होते. पथकाची गाडी आली, कमानीखाली थांबली. काच खाली झाली, आतून कुणीतरी फोटो काढला, काच वर गेली आणि गाडी गेली. तरी कुणी उठलं नाही. सगळे खातच राहिले.

जोशी साहेब बायकोला घेऊन गयाबाईच्या बाकड्यावर बसले होते. इतक्या वर्षांत आमच्यातल्या कुणाकडं ते पहिल्यांदाच खात होते. बायको पिठलं-भाकरी इतकी आवडीनं खात होती की बघत राहावं. म्हणाली, "ह्यांनी मला कधी आणलंच नाही इथं. तुम्ही रोज असता का हो, मावशी?"

गयाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि साहेबांकडं बघितलं.

तिकडं कमानीपाशी गाडे परत न्यायला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता.

"असतात ना," जोशी साहेब ताटाकडं बघत म्हणाले. "रविवारी येऊ आपण परत."

"या की," गयाबाई म्हणाली, आणि तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.