मंजुश्रीचे दोन हजार मीटर

जानेफळात कुणाचा मोबाईल पाण्यात पडला, की माणूस आधी कपाळावर हात मारतो आणि मग मंजुश्रीचं दुकान गाठतो. केसाएवढी तुटलेली तार ती भिंगाखाली जोडते, गिऱ्हाईकानं मध्येच "झालं का?" विचारलं, तर त्यालाही भिंगाखाली घ्यायला कमी करत नाही. राग नेहमी नाकावर! पण याच बाईनं दुकानामागच्या खोलीत दोन वर्षं खपून स्वतःच्या उंचीचं रॉकेट बनवलं. गाव हसलं. हसू दे बापडं.

रॉकेटच्या पोटात एक छोटं यंत्र होतं. हवेच्या दाबावरून ते उंची ओळखायचं आणि रॉकेट वर जाऊन थांबलं की छत्री सोडायचं. कडेला बारका कॅमेरा. छत्री शिवली होती तिच्या मायनं, चांगुणाबाईनं. हौशी रॉकेटवाल्यांच्या एका मोठ्या मेळाव्याला मंजुश्रीला जायचंच होतं. अट अशी: रॉकेट दोन हजार मीटर चढलं पाहिजे, छत्रीनं उतरलं पाहिजे आणि यंत्रानं मोजलेली उंची अर्जात लिहिली पाहिजे. अर्जाचा आज शेवटचा दिवस. बुलढाण्याला चकरा मारमारून तिनं रॉकेट उडवायची परवानगी आणली, तीही आजच्याच सकाळची, अकरा वाजेपर्यंतची. रान रामरावकाकांचं. इंधनाची नळकांडी दोन: एक मोठं, एक अडीअडचणीला ठेवलेलं लहान.

साडेआठला मोठं नळकांडं लावून रॉकेट सोडलं. सुर्रकन गेलं आणि दिसेनासं झालं. मंजुश्री, माय आणि रामराव, तिघंही माना वर करून छत्रीची वाट बघत राहिले. छत्री काही उघडली नाही. एक शीळ ऐकू आली आणि बांधापलीकडच्या नांगरलेल्या ढेकळांत धप्प!

"बाप्पा! गेलं!" रामराव म्हणाले.

टोकाचा चुरा झाला होता, पोट मात्र वाचलं होतं. मंजुश्रीनं यंत्र लॅपटॉपला जोडलं. उंची शून्य! आभाळात जाऊन आलेलं यंत्र छातीठोकपणे सांगत होतं, मी जागचा हललोच नाही. तिनं एकेक तार तपासली. सगळं ठीक. मग रॉकेटच्या पोटावरून बोट फिरवलं आणि ते गुळगुळीत घसरत गेलं. बाहेरची हवा आत यायला तीन भोकं पाडली होती, त्या तिन्हींत मेण!

"माय, हे कोनं बुजवलं?"

"म्याच," चांगुणाबाई म्हणाल्या. "सकाळी बुद्धवंदना झाली, मेणबत्तीचं मेण गरमच होतं. म्हटलं, पोरीची एवढी मेहनत आन् भोकं तशीच! कोठीले टाचणीएवढं भोक राह्यलं तरी गव्हात सोंडे, किडे पडतात व."

"काऊन हात लावला? इचारता नाही येत तुले?"

चांगुणाबाईंचा चेहरा एवढासा झाला. मंजुश्रीच्या मनात आलं: दोन वर्षं ही बाई आपल्यासाठी शिलाई मशीन चालवते आहे, आणि ही भोकं कशाला, हे आपण एकदाही सांगितलं नाही! ती मायशेजारी ढेकळांतच बसली.

"माय, त्यातून ते श्वास घेते. वर हवा पातळ होते, ते त्याले समजते, तवा ते छत्री सोडते."

"म्हंजे म्या त्याचं नाकच दाबलं म्हन की!"

दोघी हसल्या. साडेनऊ झाले होते. मंजुश्रीनं फुटक्या टोकावर पत्र्याची टोपी बसवली, छत्री नव्यानं घडी करून भरली. वजन वाढलं होतं आणि नळकांडं लहान. हिशेब तिला पाठ होता: पोचलं तर काठावर. पण हातपाय गाळणं तिला कधी जमलंच नाही. चांगुणाबाईंनी सुईनं तिन्ही भोकं कोरून साफ केली, वर फुंकरही मारली.

अकराला दहा कमी असताना रॉकेट उडालं. आणि उंच, फार उंच, नारिंगी ठिपका फुलला.

"उघडली! उघडली व माय!"

चपला तिथंच टाकून मायलेकी धावल्या. रॉकेट धड होतं. कॅमेऱ्यात छत्री दिसत होती, खाली रामरावांचं रान रुमालाएवढं. मंजुश्रीनं यंत्र जोडलं.

एक हजार नऊशे बासष्ट.

रामराव आकड्यावर वाकले आणि म्हणाले, "अडतीस मीटरनं काय होते व? टाक दोन हजार लिहून. कोन वर जाते मोजाले?"

"लिही व पोरी," चांगुणाबाईंचे डोळे भरले होते. "माह्यापायी गेलं तुह्यं."

मोबाईलवर अर्ज उघडा होता. मंजुश्रीचं बोट दोनच्या आकड्यावर थांबलं. दोन वर्षं, बुलढाण्याच्या चकरा, गावाचं हसणं, सगळं त्या बोटात येऊन बसलं होतं.

"ते गेलं होतं ना वर, माय. त्यानं मोजलं."

तिनं १९६२ लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला. मग मात्र बांधावर बसून ती ढसाढसा रडली, अगदी रामरावांच्या देखत. रडून झाल्यावर तोंड पुसलं आणि विचारलं,

"काका, पुढच्या साली तुमचं रान कधी रिकामं होते?"