झोळी धुतली त्या दिवशी

“ताई, बाळूला घ्यायला ये.” माझा धाकटा भाऊ फोनवर एवढंच म्हणाला. मी शाळेत होते, समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, आणि स्वभावाप्रमाणे आधी त्याच्यावर खेकसलेच. म्हटलं, मंगल कुठं गेली? पोराला घेऊन ती दर पंधरवड्याला नांदेडला येतेच की, तेव्हा आणेल. मागं बायकांचा आवाज येत होता... आणि त्या आवाजाचा अर्थ आपल्याकडं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मंगल, माझी भावजय, गेली होती. नळाचं पाणी भरून ओट्यावर भिंतीला टेकून बसली, छातीशी बांधलेल्या झोळीत बाळू झोपलेला. शेजारणीला वाटलं, दमून दोघांचाही डोळा लागला. लोकांनी आधी त्याला सोडवलं, मग तिला निजवलं. दोन महिने होत आले याला.

बाळू नऊ वर्षांचा आहे. जन्मल्यावर रडला नाही, मेंदूला इजा झाली. मान धरत नाही, बसत नाही, बोलत नाही. कळतं मात्र बरंच, माझा तर आवाज चढलेला त्याला लगेच कळतो. त्याला जगायला एक गोष्ट लागते, माणसाचं अंग. खाली ठेवला की लाकडासारखा ताठ होतो, घास घशात अडकतो, डोळे पांढरे होतात. मंगलच्या अंगावर असला की सैल पडायचा, मग जेवायचा, झोपायचा, हसायचासुद्धा. इस्लापूरजवळच्या आमच्या गावात तो लहान असेतोवर तिनं त्याला जुन्या लुगड्याच्या झोळीत बांधलं. पण पोरगं लांब होत गेलं, लुगडं फाटायला लागलं. कुठल्याशा शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली होती, पण आमच्या गल्लीतल्या दगडगोट्यांत ती चालते कसली! तिच्यात माझ्या आईच्या कोंबड्या अंडी घालायच्या.

मग मीच मंगलला नांदेडात वजिराबादच्या दुकानात घेऊन गेले. तिथं तऱ्हेतऱ्हेचे बेबी कॅरिअर टांगलेले, अस्वलं नि फुग्यांची चित्रं असलेले. दुकानदारानं विचारलं, बाळ किती महिन्यांचं? मंगल म्हणाली, चार वर्षांचं. त्यानं एकदा तिच्या अंगावर पसरलेल्या बाळूकडं पाहिलं आणि काढलेला खोका परत वर ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण माझं डोकं तडकलं. मंगलनं मात्र हात लावून लावून सगळे पाहून घेतले. बसायची जागा किती रुंद, पट्टा खांद्यावर कुठं येतो, कमरेचा बेल्ट कुठं... मला म्हणाली, चला ताई, बघून झालं. स्टँडजवळ दप्तरं नि ताडपत्र्या शिवणारा एक जण बसतो, त्याच्याकडून तिनं दप्तराच्या जाड निळ्या कापडाची झोळी शिवून घेतली. पहिल्यांदा त्यानं पाठ आखूड शिवली, बाळूची मान मागं लोंबली. उसवून पुन्हा शिवली. मांड्यांखाली रुंद बैठक, मानेमागं उशीचा कापूस, खांद्यावर रुतू नये म्हणून पट्ट्यांना वाकळेचे तुकडे. ती बांधून मंगल स्टँडवर उभी राहिली तर लोक वळून वळून बघून राहिले. “बघू द्या,” म्हणाली, “माझे हात तर मोकळे झाले.”

ते दुष्काळाचं वर्ष होतं. गावाजवळचा सहस्रकुंडाचा धबधबा म्हणजे नुसता काळा खडक उरला होता. भाऊ टँकरवर ड्रायव्हर, गावोगाव पाणी वाटत फिरायचा आणि त्याच्याच घरी घागर कोरडी. मंगल छातीशी बाळू नि दोन हातांत दोन कॅन घेऊन रांगेत उभी राहायची. झोळी धुवायला पाणी कुठलं! बाळूच्या लाळेनं आणि तिच्या घामानं ती चामड्यासारखी कडक झाली होती. आई रोज नाक मुरडायची.

त्याच उन्हाळ्यात मंगलला धाप लागायला लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशनही आता जोखमीचं, वजन अजिबात उचलायचं नाही. मंगलनं खाली बघत विचारलं, “डॉक्टर, लेकरू वजनात धरायचं का?” मी बाहेर येऊन चिडचिड केली, डॉक्टरांवर, भावावर, देवावर, सगळ्यांवर. ती बाळूचं तोंड पुसत होती.

तिची एक भाबडी आशा होती. किनवट जिल्हा होणार, असं तिच्या लग्नाआधीपासून लोक बोलून राहिलेत. जिल्हा झाला की मोठा दवाखाना येणार, मग व्यायामाच्या डॉक्टरसाठी नांदेडच्या खेपा नकोत, आणि आपल्यामागं बाळूला दिवसभर सांभाळणारी एखादी जागासुद्धा निघेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. मी म्हणायचे, अगं, बोलाचीच कढी नि बोलाचाच भात आहे हा. तरी ती एकदा किनवटला जिल्ह्यासाठीच्या धरणे आंदोलनाला जाऊन बसली. झोळीतलं पोर बघून लोकांनी तिला पहिल्या रांगेत बसवलं. कोणीतरी मोठा माणूस आला, बाळूच्या डोक्यावरून हात फिरवला, फोटो झाला, गाडी गेली. पुढं पाऊस पडला, धबधबाही वाहिला... जिल्हा काही झाला नाही.

त्या पावसाळ्यात ती माझ्याकडं आली आणि चहा पिता पिता म्हणाली, “ताई, मी हाय तवर हाय. ह्याला दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाची सवय लावाय पाहिजे.” मी तिला गप्प केलं, पण पाऊस लागल्यापासून झोळी आठवड्याला धुतली जायची, ती तिनं माझ्याच अंगावर बांधली. बाळूनं असा आकांत केला की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. पुढच्या खेपेला मी मेहेरबानी म्हणून झोळी स्वच्छ धुऊन वाळवली, तर तो त्याहून जास्त रडला. मंगलनं धुतलेल्या झोळीला स्वतःच नाक लावून पाहिलं. मग तिनं महिना-दीड महिना झोळी मुद्दाम धुतली नाही, आणि तशीच मला बांधली. बाळूनं पट्ट्याला नाक लावलं, हुंगलं आणि माझ्या छातीवर सैल पडला. चार घास जेवलासुद्धा! आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

तेव्हापासून तिनं ती झोळी धुतली नाही. घरात नळ आला तरी नाही. आई म्हणायची, नरकाचा वास येतो, पाण्याला काय आता तोटा आहे का? मंगल नुसती ‘असू द्या’ म्हणायची. मी म्हटलं, आईला कारण सांग ना. तर म्हणाली, “नगं ताई. मी मरायची तयारी करून राहिले, असं त्यांना कसं सांगू? जिवाला लावून घेतील.” मी कबूल केलं. सासूसुनेत अशी माया मी दुसरीकडं पाहिली नाही, आणि त्या मायेचाच मला आता राग येतो.

मंगलला नेताना गावातला कुणी म्हणाला, ही झोळी तिच्या अंगावरची, तिच्याबरोबरच जाऊ द्या. माझी आई सत्तरीची, पण अशी कडाडली की सगळे मागं सरले. लेकराची वस्तू आहे, म्हणाली, आणि पोटाशी धरून घरात घेऊन गेली. मला वाटलं, चला, एवढं तरी वाचलं. सुतकाचे दिवस बाळू भावाच्या मांडीवर कसाबसा काढत होता, चमच्यानं दूध, तेही निम्मं बाहेर. सुतकातल्या वस्तूला तेरावा होईस्तोवर हात लावायचा नाही, असं आईनं बजावलं होतं. मी सुट्टीचं बघायला एक दिवस नांदेडला आले.

तेराव्याच्या दुपारी परत पोचले तर अंगणात ओळीनं घर वाळत होतं. सुतक फिटलं की घरातलं कापड न् कापड धुवायचं, आपली रीतच आहे. वाकळा, चादरी, मंगलचे परकर, तिची उशीची खोळ... आणि मधोमध निळी झोळी. कढत पाणी नि सोडा घालून, घासून घासून आईनं स्वतःच्या हातानं धुतली होती. मढ्याची बाधा लेकराला लागू नये म्हणून. हात पांढरे फटक पडले होते तिचे. मला बघून म्हणाली, “बघ की, कशी नव्यासारखी झाली.”

मी हो म्हटलं. मग मी घरभर फिरले. ट्रंक उघडली, खुंटी बघितली, चुलीमागचं फडकंसुद्धा उचलून हुंगलं. सगळीकडं सोड्याचा वास. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मंगलनं तोंड बंद ठेवलं ते हिच्यासाठीच.

बाळू आता नांदेडला माझ्याकडं आहे. शाळेत बिनपगारी रजा टाकली आहे, ती किती दिवस चालेल माहीत नाही. नळीनं भरवायला लागेल, असं डॉक्टर म्हणतात. अंगावरचं मांस गेलं त्याचं, उचलायला हलका झालाय. जेवणाच्या वेळी मी झोळी बांधते. तो डाव्या पट्ट्याला नाक लावतो, हुंगतो. मग मान कशीबशी वळवून उजव्या पट्ट्याला. दोन्हीकडं नीट शोधून झालं की वर माझ्याकडं बघतो, आणि घास पुढं केला तर तोंड मिटून घेतो.