एकाच मुलीचं पान उघडत नव्हतं

मी मुळातच संशयी माणूस. कुणी फुकट चहा पाजला की माझ्या मनात पहिला विचार, आता हा काय मागणार? आई म्हणायची, "तुला धारेच्या दुधातबी पानी दिसतं, बाबा." पुण्यात अडीच वर्षं एका कंपनीत रूबी नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेबसाइटी लिहिल्या, तिथे हा स्वभाव उपयोगी पडला. प्रोग्रॅमवर डोळे झाकून भरवसा ठेवणारा त्या कामात टिकत नाही. पण तो संशय माणसांवर सोडला की काय होतं, ते मला मंचरला परत आल्यावर कळलं.

परत आलो आणि एसटी स्टँडमागे, खताच्या दुकानावरच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र काढलं. इंटरनेटवरचं. लोक हसले. "लगीन आता कॉम्प्युटर लावनार का रं?" म्हणाले. पण पोरं चाकणला, पोरांचे चुलते मुंबईला, मावश्या नाशिकला. सगळ्यांना घरबसल्या स्थळ बघायचं होतं. बघता बघता जुन्नर आणि आंबेगावातली शे-दोनशे स्थळं जमली. प्रत्येक मुलीला एक पान, प्रत्येक मुलाला एक पान. फोटो, शिक्षण, उंची, शेती, देवक, आणि मामा. आमच्याकडे मामाशिवाय स्थळ पुरं होत नाही. मुलीचं आजोळ कुठलं, मामाचं आडनाव काय, हे कळल्याशिवाय कुणी पुढे बोलत नाही. मांडवात मुलीला घेऊन येतो तो मामा, अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच.

वेबसाइट मी एकट्याने लिहिली. माहिती भरायला एक बाई ठेवल्या होत्या. महाळुंगे पडवळहून रोज सकाळच्या गाडीने यायच्या, मराठी टायपिंग पक्कं, बोलणं मोजकं. आईबरोबर राहतात एवढंच मला ठाऊक. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला सर. पहिल्याच दिवशी मी बजावलं होतं, ऑफिसात नातंगोतं आणायचं नाही, कुणाच्या स्थळाला वशिला लावायचा नाही. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या होत्या. एवढं कमी बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासूनच भरवसा वाटत नव्हता, खोटं कशाला बोलू?

एका सोमवारी दुपारी एक गृहस्थ जिना चढून आले. टोपी हातात, कपाळावर घाम.

"सायेब, माझ्या पोरीचं पान उघडंना."

त्यांच्या मुलीला आळेफाट्याच्या एका घरातून मागणी आली होती. मुलगा चाकणला नोकरीला, मुलगी पसंत, येत्या रविवारी सुपारी फोडायची ठरलेली. मुलाकडची पुण्यातली माणसं पान बघायला गेली तर तिथे इंग्रजीत एक माफीचं वाक्य, बाकी काही नाही.

"कालपरवापर्यंत उघडत व्हतं. बाकी समद्या पोरींची पानं उघडत्यात, मग माझ्याच पोरीचं का न्हाई? मुलाचा चुलता मला इचारतो, काय लपवलंय म्हून. काय लपवलंय हो आमी?" मग जरा पुढे वाकून हळूच म्हणाले, "आमचा भाऊबंद हाय एक. बांधावरनं वाकडं हाय त्याचं. त्यानं तर काय केलं नसंल?"

ताईंनी न सांगता त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला. दोघांची क्षणभर नजरानजर झाली आणि ताईंनी मान खाली घातली. मी ते टिपून ठेवलं.

ते गेल्यावर मी सर्व्हरचा लॉग उघडला. पान कोसळलं की कुठे आणि कशाने, ते तिथे लिहून येतं. लिहिलं होतं: अनडिफाइन्ड मेथड 'गाव' फॉर निल. आता हे सोपं करून सांगतो. रूबीत प्रत्येक नोंदीला काही ठरावीक प्रश्न विचारता येतात, त्यांना मेथड म्हणतात. मुलीला विचारायचं, तुझा मामा कोण? ती मामाची नोंद पुढे करते. मग मामाला विचारायचं, तुमचं गाव कुठलं? निल म्हणजे काहीच नाही. प्रोग्रॅमने मुलीकडे मामा मागितला, हाताला काहीच लागलं नाही, आणि त्या काहीच-नाहीला त्याने गाव विचारलं. ते बिचारं काय सांगणार? तिथे पान बसलं.

असा एरर आला की आधी मेथडच्या नावाचं स्पेलिंग तपासायचं, मग नोंदी एकमेकींना नीट जोडल्यात का ते. बाकी सगळी पानं चालत होती, म्हणजे हे दोन्ही ठीक. उरलं एकच: या मुलीचा मामा निल आहे. इथे शहाणा प्रोग्रॅमर विचारतो, मामा का नाही? मी विचारलं, मामा कुणी पळवला? कारण मामा तर प्रत्येकीला असतोच. कालपर्यंत पान चालत होतं, आज मामा गायब, म्हणजे कुणीतरी हात घालून ती नोंद काढली. सरळ हिशेब!

पुढचा पुरावाही लॉगनेच दिला. सोमवारी सकाळपासून ते एकच पान आमच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून अकरा वेळा उघडायचा प्रयत्न झाला होता. अकरा वेळा! ऑफिसात आम्ही दोघंच, आणि मी तर ते पान उघडलेलं नव्हतं. पाण्याचा तांब्या, खाली गेलेली मान, सगळं एका दोरीत ओवलं गेलं. म्हटलं, कुंपणच शेत खातंय की! भाऊबंदाने हिला फितवलं असणार.

मंगळवारी मुलाच्या चुलत्याचा फोन आला. आळेफाट्याला त्यांचं ट्रकचं गॅरेज, मागे हातोड्याचे आवाज येत होते.

"का हो राव, त्या पोरीचं पान का उघडंना?"

मशीन बिघडलंय, उद्या बघा, एवढं म्हणालो असतो तर काय बिघडत होतं? पण मला शोध लावल्याचा कैफ चढला होता.

"पाव्हणं, खरं सांगू का?" मी म्हणालो. "हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय. ह्या मुलीचं लग्न होऊ नये असं कुणाला तरी वाटतंय."

पलीकडे हातोडा थांबला. "असं व्हय," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलं." आणि फोन ठेवला. मला आपल्या खरेपणाचं फार कौतुक वाटलं.

बुधवारी सकाळी ताई आल्या, पर्स खुंटीला लावली, आणि मी तोंड सोडलं. कोण देतं तुम्हाला चहापाणी, त्या भाऊबंदाशी तुमचं काय साटंलोटं, एका पोरीच्या आयुष्याशी खेळताना लाज कशी वाटली नाही. बोलायला लागलो की मी थांबत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, मी काय काढलं म्हनता?"

"मामा!"

त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, खुंटीवरची पर्स काढली. "मी तुमाला इचारलं व्हतं," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. मी मनात म्हटलं, बघा, चोराच्या उलट्या बोंबा.

गुरुवारी पक्का पुरावा काढायला बसलो. दर पंधरवड्याला मी सगळ्या नोंदी सीडीवर उतरवून ठेवायचो. म्हटलं, जुन्या सीडीत मामा असणार, आता नाही, झालं शाबीत. बापाला बोलावून दाखवू, आळेफाट्यालाही कळवू. सीडी घातली. मामा नव्हता. तिच्या आधीची घातली. तिच्यातही नव्हता. मुलीची नोंद झाली त्या दिवसापासून मामाचा रकाना कोराच होता. कुणी काही काढलेलं नव्हतं. काढायला तिथे काही नव्हतंच.

मग सोमवारी बदललं काय? तेवढ्यात लाइट गेली, खाली खताच्या दुकानात गोणी टाकल्याचा धप्प आवाज आला, आणि मला एकदम आठवलं. बदल मीच केला होता. रविवारी घरी बसून मी पानावर एक नवी ओळ घातली होती, मामाच्या नावाखाली मामाचं गाव. पुण्याचे लोक सारखे विचारतात म्हणून. त्याआधी मामा नसला तर पान गुपचूप कोरी जागा सोडून पुढे जायचं. माझ्या नव्या ओळीने त्या कोऱ्या जागेला गाव विचारलं. कळसा काखेत होता आणि मी चोर शोधत गावभर फिरलो!

आणि मग ते विचारणंही आठवलं. महिन्यामागे, चहा पिताना, ताई म्हणाल्या होत्या, "सर, मुलीला मामाच नसला तर त्या रकान्यात काय टाकायचं?" मी हसून म्हणालो होतो, "मामा नाही असं कुठं असतं का ताई? आभाळातून पडली का पोरगी? घरच्यांना नीट विचारा." मी आपल्याच विनोदावर बराच वेळ हसलो होतो. त्या हसल्या नव्हत्या.

लाइट आल्यावर दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. मामा असला तर गाव विचार, नसला तर दोन्ही ओळी सोडून दे. पान उघडलं. फोटोतली मुलगी जांभळ्या साडीत, हसू दाबून उभी होती. मी पान छापून घेतलं आणि मोटरसायकलला किक मारली ती थेट आळेफाटा.

चुलते एका ट्रकखालून बाहेर आले. काळे झालेले हात पुसले, मला स्टूल दिलं, चहा मागवला. कागद दोन बोटांत धरून नीट वाचला.

"पान उघडलं, चांगलं झालं," ते म्हणाले. "पन तुमीच म्हनला व्हता ना, हिचं लगीन कुनाला तरी नकोय? मग तो कुनीतरी कोन? पोरीचं कुठं जुळलंय का, म्हून आमी मानसं धाडली, चौकशी केली. कुनी घावला न्हाई."

"कुणी नाहीच, काका. चूक माझी होती. माझ्या प्रोग्रॅमची."

ते समजुतीने हसले. "आता तुमी असंच म्हननार. पोरीच्या बापानं गाठलं आसंल तुमाला, दुसरं काय? घावला असता तर त्याला इचारून मोकळं झालो असतो. न घावनारा वाईट, राव. रविवारचं आमी कळवलंय त्यास्नी, न्हाई म्हून."

मी हातापाया पडल्यागत सांगत राहिलो. माझं प्रत्येक वाक्य ते डोळे बारीक करून ऐकत होते, अगदी मी ऐकतो तसे. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची किळस आली.

शुक्रवारी सकाळी महाळुंग्याला गेलो. ताईंचं घर विचारत विचारत सापडलं. ओट्यावर त्यांची आई शेंगा फोडत बसली होती, आणि शेजारी, सूप मांडीवर घेऊन, फोटोतली मुलगी. मी ओट्याच्या खालीच उभा राहिलो.

"ही माझ्या भैनीची," आई म्हणाली. "स्थळ मोडलं म्हून चार दिस इकडं आनलीया."

म्हणजे ते टोपीवाले गृहस्थ ताईंच्या मावशीचे यजमान. मीच घातलेल्या नियमामुळे दोघं माझ्यासमोर परक्यासारखे वागले होते. आणि मावसबहिणीचं पान उघडतं का, हे ताईंनी सोमवारी अकरा वेळा बघितलं होतं.

"आमी दोघीच भैनी," आई पुढे म्हणाली. "भाऊ न्हाई आमाला. भाऊबीजेला आमी चंद्राला ववाळतो."

ताई दारात येऊन उभ्या होत्या. दोघीच बहिणी, म्हणजे ताईंनाही मामा नव्हता. आभाळातून पडली का, असं मी हसत विचारलं होतं ते त्यांनाच. मला मान वर करवेना.

"चुकलो, ताई," मी म्हणालो. "पान दुरुस्त केलंय. आता उघडतं."

"मामाच्या जागी काय दिसतं?"

"काही नाही. त्या ओळीच येत नाहीत."

"म्हंजे लपवलंच की," ताई म्हणाल्या.

खरंच, मी प्रोग्रॅमला गप्प बसायला शिकवलं होतं, दुसरं काय केलं होतं?

मुलीने सूप खाली ठेवलं. "फोनवर तुमी नेमकं काय बोलला व्हता?" तिने विचारलं. घरात कुणी तिला ते सांगितलेलं नसावं. मी शब्दन् शब्द सांगितला. तिची मावशी शेंगा फोडायची थांबली. मुलगी रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. टरफलं झटकून उभी राहिली.

"मला मामा न्हाई," ती म्हणाली. "आन् तुमी म्हनला तसला दुसराबी कुनी न्हाई. दोनी लिवा."

मी मंचरला आलो, खोली उघडली आणि तिच्या पानावर घातलं: मामा नाहीत, आई आणि मावशी दोघीच बहिणी. दुसरं लिहायला त्या पानावर रकानाच नव्हता.