नथ सापडली, सही मिळेना

ती नथ आठवली की आजही मला स्वतःची लाज वाटते. पोलीस खात्यात बत्तीस वर्षे काढली. रेल्वेखाली गेलेली माणसे पाहिली, सख्ख्या भावाने भावावर चालवलेला कोयता पाहिला, आणि हळूहळू त्याची सवयही झाली. पण तंजावूरच्या एका सोवळ्या घरात, भर दुपारी, एका निवृत्त शिक्षिकेने तीन शब्द उच्चारले आणि मी हादरलो, तसा पुन्हा कधी हादरलो नाही.

मी तंजावूरचाच. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, बाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी. देवनागरी मी निवृत्तीनंतर पुण्याला मुलीकडे आल्यावर गिरवली, त्यामुळे भाषा कुठे जुनीपुराणी वाटली तर सांभाळून घ्यावे. खरे नाव कुणाचेच देत नाही.

गावात तेव्हा घरोघर केबलच्या तारा येत होत्या. राजवाड्यामागच्या एका गल्लीत आमच्याच मराठी मंडळींपैकी एक जोडपे राहत होते. बाईंना सगळे टीचरअम्मा म्हणत. सरकारी शाळेत तीस वर्षे शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. बसच्या कंडक्टरने चुकून जास्त सुट्टे दिले तर दुसऱ्या दिवशी स्टॅण्डवर जाऊन परत करणारी बाई! यजमान अप्पा, कलेक्टर कचेरीतले निवृत्त कारकून. ते फार बोलत नसत, कारण घरात बोलायचे काम टीचरअम्मा करीत.

दिवाळीच्या दिवशी सकाळी दोघे मी अधिकारी होतो त्या ठाण्यात आले. अप्पांच्या आईची मोत्यांची नथ, तीन पिढ्यांची, देवघरातल्या चांदीच्या डबीतून नाहीशी झाली होती. टीचरअम्मांनी फिर्याद स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहून आणली होती. नथीचे वर्णन असे की सोनाराने वाचून तशीच दुसरी घडवावी. सात मोती, मधे लाल खडा, सहावा मोती किंचित पिवळट, आणि दांडीला तांब्याच्या तारेचा टाका. दसऱ्याला संध्याकाळी नथ डबीत ठेवली, त्यानंतर आज डबी उघडली, असेही त्यात होते.

"कोणावर संशय?" मी विचारले.

"आणि कोण येतं घरात? पोन्नीच की," टीचरअम्मा म्हणाल्या.

पोन्नी त्यांच्याकडे एकोणीस वर्षे कामाला होती. ओरत्तनाडुजवळच्या खेड्यातली विधवा, एक मुलगी. मला खरे तर तेव्हा पटले नव्हते. एकोणीस वर्षांत जी बाई चमचा उचलत नाही, ती एकदम नथ का उचलेल? मी निम्मे मन तिच्या बाजूने आणि निम्मे विरुद्ध ठेवून कामाला लागलो. त्याच दुपारी समोरच्या घरातून खबर आली की पोन्नीच्या झोपडीत रंगीत टीव्ही आला आहे. गल्लीत अजून दोन घरांत काळा-पांढरा होता. मोलकरणीकडे रंगीत म्हटल्यावर सगळ्यांचे ठरून गेले.

मी तिला ठाण्यात बोलावले. बाईमाणसाला चौकशीला ठाण्यात आणू नये, तिच्या घरी जावे, हे कायद्यात तेव्हाही होते आणि मला तोंडपाठ होते. महिला कॉन्स्टेबल बसवली म्हणजे झाले, अशी मी मनाची समजूत घातली. तीन दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, पोन्नी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. येणारा-जाणारा तिला पाहत होता. टीव्ही मुलीने पाठवला, ती तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात शिवणकाम करते, असे ती सांगत होती. मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. हात उगारला नाही, एवढेच.

आता यातली गोम सांगतो. पहिल्या दिवशी सकाळी मला खात्री नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. मधे पुरावा एकही मिळाला नव्हता. झोपडीची झडती घेतली तर टीव्हीचे खोके आणि कारखान्याची चिठ्ठी सापडली. तरीही माझी खात्री वाढतच गेली. का, ते मला त्या वेळी कळले नाही.

मुद्देमाल मिळाला नाही, तपास थंडावला. खटला झाला नाही. पण पोन्नी काम करीत असे ती गल्लीतली पाचही घरे तिला बंद झाली. ती खेड्यात परतली. मुलीचे जमलेले लग्न मोडले, कारण मुलीच्या आईला ठाण्यात बसवले होते हे मुलाकडच्यांना कळले होते.

वर्ष गेले. पुढचे नवरात्र आठवड्यावर आले असताना एक म्हातारा बाहुल्या रंगवणारा कारागीर ठाण्यात आला. हातात जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळलेले काहीतरी होते. घाम पुसत तो म्हणाला, "सार, मी चोर नाही. आधी लिहून घ्या, मग दाखवतो."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नवरात्रात आम्ही पायऱ्या रचून बाहुल्यांची आरास करतो, तिला कोलू म्हणतात. दसऱ्याला संध्याकाळी एक बाहुली आडवी निजवायची, दुसऱ्या दिवशी सगळ्या जुन्या धोतरांत गुंडाळून ट्रंकेत ठेवायच्या, त्या थेट पुढच्या वर्षी उघडायच्या. टीचरअम्मांच्या घरी त्यात आणखी एक होते. दसऱ्याला मातीच्या लक्ष्मीला घरची नथ रेशमी दोऱ्याने बांधायची आणि निजवण्याआधी काढून ठेवायची. कोलूला हात फक्त घरच्या सुनेचा, म्हणजे टीचरअम्मांचा, न्हाऊन सोवळ्यात. पोन्नीला त्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडायची मुभा नव्हती.

कारागिराने गाठोडे सोडले. हातभर उंचीची लक्ष्मी, उजव्या हाताचा टवका उडालेला. मागच्या वर्षी गुंडाळतानाच तो उडाला होता, म्हणून अप्पांनी यंदा गाठोडे न सोडता तसेच रंगाला दिले होते. लक्ष्मीच्या गळ्याशी, धोतराच्या घडीत, रेशमी दोऱ्यासकट नथ होती.

मी फिर्यादीचा कागद काढला. सात मोती. लाल खडा. सहावा पिवळट. तांब्याचा टाका.

आमचा रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणारा हेड कॉन्स्टेबल, शेजारी उभा होता. त्याने बाहेर व्हरांड्यातल्या बाकाकडे पाहिले. दसऱ्याला लक्ष्मीची नथ काढायचीच राहून गेली होती.

नथ घेऊन मी टीचरअम्मांच्या घरी गेलो. त्यांनी पाट मांडला, कॉफी दिली. मी नथ ताटलीत ठेवली आणि कुठे सापडली ते सांगितले.

अप्पा ताडकन उठले. "अगो, आईचीच की ही! पाहा, तो मोती पाहा!"

टीचरअम्मांनी नथ हातात घेतली, उजेडात धरली, उलटी केली. चेहऱ्यावर काही हलले नाही. मग ताटलीत परत ठेवून म्हणाल्या, "ही आमची नव्हे."

मला वाटले ऐकण्यात चूक झाली. मी त्यांचीच फिर्याद वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "तेव्हा घाईत लिहिलं. चुकलं असेल." मी रेशमी दोरा दाखवला. त्या म्हणाल्या, "पोन्नीनंच बांधविलं असेल. त्या रंगाऱ्याला हाताशी धरून. मन खात असेल तिचं." ट्रंकेची किल्ली कोणाकडे असते, हे विचारल्यावर त्यांचा आवाज चढला. "मी पाहिलं नाही का एकोणीस वर्षं तिला? साखर घेत होती, पुसल्याशिवाय. दूध घेत होती. तुम्हाला काय ठाऊक!"

अप्पा म्हणाले, "हे तू कधी सांगिटलं नव्हतंस."

"आता आठवतं," त्या म्हणाल्या.

ती बाई खोटे बोलत नव्हती. आयुष्यभर खोटे ऐकण्याचे काम केले, मला ते ओळखू येते. तिला खरोखर साखर आठवत होती. निरपराध बाईला आपण देशोधडीला लावले, आणि आपण तर सच्च्या, या दोन्ही गोष्टी तिच्या एका डोक्यात मावत नव्हत्या. मग तिने सासूची नथ सोडली, पण आपला सच्चेपणा सोडला नाही.

याहून मोठा धक्का मला माझाच बसला. 'ही आमची नव्हे' हे शब्द कानावर पडले त्या क्षणी मला बरे वाटले! छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. नथ यांची नसेल तर माझे तीन दिवसही चुकले नव्हते. ठाण्यात परतल्यावर मी पहिले काम काय केले असेल? त्या गरीब कारागिराला बोलावून तो पोन्नीच्या नात्यातला आहे का, याची चौकशी सुरू केली. दोन दिवस केली. रायटर मुकाट्याने लिहून घेत होता.

तिसऱ्या दिवशी पोन्नीच ठाण्यात आली. बातमी बसने ओरत्तनाडुपर्यंत पोचली होती. ती आत आली नाही, व्हरांड्यात बाकापासून दूर उभी राहिली. म्हणाली, "मला काम परत नको, सार. मुलीला दुसरं स्थळ आलंय, पुढच्या सोमवारी बोलणी आहेत. चोरी झालीच नाही असा एक कागद द्या. तेवढाच."

तो कागद देणे माझ्या हातात होते आणि नव्हतेही. फिर्याद चुकीच्या समजुतीवरून होती असा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा, तर मुद्देमाल मालकाने ओळखला असा महजर, म्हणजे पंचनामा, लागतो. मालकीण ओळखायला तयार नव्हती. मी पुन्हा तिच्या दारात गेलो. तिने दार उघडले, मला पाहिले आणि लावून घेतले.

शनिवारी सकाळी अप्पा भाजीची पिशवी घेऊन ठाण्यात आले. बाजाराला म्हणून निघाले होते. "कुठं सही करायची?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "अप्पा, घरी काय होईल?"

"काय होईल? बोलणार नाही ती. चाळीस वर्षं तीच बोलली, आता थोडं गप्प राहू दे." ते हसायला गेले, पण हसू आले नाही. नथ त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाले, "आई हिला चाचपून बघायची, टाका निघाला का म्हणून." मग सही केली. नथ रीतसर त्यांच्या ताब्यात दिली. त्यांनी ती भाजीच्या पिशवीत, वांग्यांखाली ठेवली. पुढे ती घरात कोणी घातल्याचे ऐकले नाही. त्या वर्षापासून त्यांच्याकडे कोलूही मांडला गेला नाही, आणि टीचरअम्मा अप्पांशी त्यांच्या शेवटच्या आजारापर्यंत कामापुरतेच बोलत असत.

रविवारी मी साध्या कपड्यात पोन्नीच्या खेड्यात गेलो. वाटेत माफीचे शब्द जुळवले होते. तिने अंगणात खाट टाकली. मी ठाण्याच्या शिक्क्याचा कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हते, तिने तो उलटासुलटा करून मुलीकडे दिला. मी घसा साफ केला, आणि माझ्या तोंडून निघाले ते हे: "तूही तेव्हा नीट सांगायला हवं होतंस."

 पोन्नी हळूच म्हणाली, "सांगितलं होतं, सार. तीन दिवस सांगितलं."

तिच्या मुलीने ताक आणले. ताक प्यालो आणि बस धरली. सोमवारी मुलीची बोलणी पक्की झाली, हे मला रायटरकडून कळले.

त्यानंतर कोणत्याही तपासात माझी खात्री झाली की मी स्वतःला विचारत असे, की या माणसाला आपण आधीच काही केले आहे का? केले असेल तर मी त्या खात्रीवर विसंबत नसे, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देत असे. वरिष्ठांना ते चमत्कारिक वाटे. पण रोग मुळापासून गेला असे म्हणवत नाही. गेल्या आठवड्यात या लेखाचा पहिला खर्डा मुलीने वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "बाबा, हे खरं का?" मी लिहिले होते, 'संशयित महिला चौकशीत सहकार्य करीत नव्हती.'

ती ओळ मी खोडली आहे.