नसलेला लाल दिवा

घाटंजी ते यवतमाळ मी प्रवासी जीप चालवायचो. रविवारी दुपारी गाडी उभी असली की बायको आणि मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावून अंतराळातले सिनेमे बघायचो, हिंदीतून. गोष्टीपेक्षा आम्हाला त्यातल्या चुका हुडकण्यातच मजा. वैमानिकाची जखम आता उजव्या गालावर, तर घडीभराने डाव्या. चंद्रावर उतरलेल्या माणसामागे एकदा माशी उडाली, ती मीच पकडली होती.

मग मी हरायला लागलो. "ते पाहा, कोपऱ्यातल्या घड्याळात पुन्हा दहाच वाजले," ती म्हणायची. मला घड्याळच दिसायचं नाही. तिने तीनदा सिनेमा मागे नेऊन दाखवलं, तेव्हा "हो, दिसलं" म्हणून मी सुटका करून घेतली. रस्त्यावरही डावीकडची मोटारसायकल एकदम पुढ्यात उगवायची. पण गाडी चालवणं सुटलं तर खायचं काय? वर्षभर मी कोणाला काही बोललो नाही.

एका रविवारी तिने सिनेमा थांबवला.

"डाव्या बाजूचा लाल दिवा पाह्यला? आधी नव्हता."

"पाह्यला ना. साफ चूक हाय."

ती माझ्याकडे वळली. "तिथं दिवा नाहीच. मले कायले फसवून राह्यले तुमी? अन् गाडीत मानसं बसवता!"

मी ओरडलो, रिमोट फेकला. तिने खुंटीवरची जीपची किल्ली काढून ब्लाउजमध्ये खोचली. मग मात्र मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तपासणीत एका मशिनमध्ये डोकं घालून ठिपका चमकला की बटण दाबायचं होतं. ठिपके दिसेनात, म्हणून मी अंदाजानेच बटण दाबत सुटलो. परीक्षेतल्या नापास पोरासारखा.

"डोळ्यातला दाब वाढून नस सुकलीय," डॉक्टर म्हणाले. "गेलेली नजर परत येणार नाही. थेंब घालून उरलेली सांभाळायची. कधीपासून होतंय असं?"

"वर्ष झालं."

बायकोने तोंडाला पदर लावला.

गाडी विकली. बायको आता कापूस वेचायला जाते. घरात मी एकटा उरलो की टीव्हीसमोर उभा राहतो. मान न हलवता डावा कोपरा शोधतो. एक पाऊल मागे जातो, पुन्हा शोधतो. पाठ भिंतीला टेकली तरी शोधत असतो.