पाठकोरी नव्हती ती कार्डं

शेजारच्या आजोबांनी मला पहिल्याच दिवशी कार्ड उलटून दाखवलं होतं. त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

आजोबा म्हणजे इंग्लंडात मेडनहेडला मी भाड्याने राहते त्या घराशेजारचे इंग्लिश गृहस्थ. वय सत्याऐंशी. मला पहिल्या नावाने हाक मार, असं त्यांनी दोनदा सांगितलं, पण माझ्याच्याने ते होईना. माझी सगळी शाळा इंग्लिश मीडियमची, ब्रॅकनेलच्या ऑफिसात दिवसभर इंग्लिशच बोलते, तरी एवढ्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने बोलवायला जीभ वळत नाही. म्हणून समोरासमोर मी त्यांना कशानेच हाक मारायचे नाही. मनात मात्र आजोबा.

तरुणपणी ते हवाई दलात मेकॅनिक होते आणि काही महिने पॅसिफिकमधल्या एका बेटावर नेमणुकीला होते. तिथे ओहोटी लागली की उथळ पाण्यात एका विमानाचा सांगाडा दिसायचा. कुणाचं विमान, आत कोण होतं, कुणालाच सांगता येईना. ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं आहे, एवढंच कळलं. रिटायर झाल्यावर त्यांनी तोच नाद घेतला. त्या बेटांच्या आसपास युद्धाआधी पडलेली लष्करी विमानं. सरावात एकमेकांना धडकलेली, ढगात डोंगरावर आपटलेली, पाण्यावर उतरताना उलटलेली, काही नुसतीच परत न आलेली. प्रत्येक अपघाताचं एक कार्ड, आणि कार्डं बुटांच्या खोक्यांत.

"लढाईत मेले असते तर दगडावर नाव आलं असतं," ते म्हणाले. "हे मंगळवारी सकाळी मेले. साध्या मंगळवारी."

कार्डाच्या पुढे शाईने विमान, बेट, काय झालं ते, आणि वैमानिकाचं नाव. जुन्या वर्तमानपत्रांत बहुतेक तेवढंच यायचं. मागे पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात, मागच्या सीटवरची माणसं: मेकॅनिक, रेडिओवाला, फोटो काढणारा. ती नावं त्यांनी घरोघरी पत्रं लिहून एकेक करून मिळवली होती.

"मीही मागच्याच सीटवरचा," म्हणत त्यांनी डोळा मारला.

आता त्यांना स्वतःची पेन्सिल वाचता येत नव्हती. लांबचं ठीक होतं, पण जवळचं बारीक दिसेनासं झालं होतं. स्क्रीनवर अक्षरं मोठी केली तर दिसायचं. मी म्हटलं, मी वेबसाइट करून देते. चांगुलपणा होताच, पण आमच्या ऑफिसात समाजासाठी काहीतरी केलेलं अप्रेजलमध्ये लिहावं लागतं, हेही होतं.

पुण्याला बाबांना फोनवर सांगितलं.

"म्हणजे साहेब पुढं आणि राबणारे पाठीमागं?" बाबा म्हणाले. "तिकडंपण तेच का गं?"

"हो, पण आता सगळे एकाच पानावर येणार, बाबा."

"लई भारी काम करतेस, बाळा."

बाबांचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथल्या संगमरवरी पाटीवर इंजिनिअरांची नावं आहेत. लहानपणी बाबांनी मला आणि भावाला मुद्दाम नेऊन ती पाटी दाखवली होती. यात आपलं कुणी नाही, नीट बघून घ्या, म्हणाले होते. पुढच्या रविवारी त्यांनी विहारात सगळ्यांना सांगितलं की माझी लेक लंडनला विसरलेल्या माणसांची नावं शोधते. मेडनहेड म्हणजे लंडन नाही, एवढंच मी दुरुस्त केलं.

ऑफिसच्या स्कॅनरमध्ये कार्डांची पुढची बाजू झकास यायची. मागची नुसती करडी. पेन्सिल त्याला दिसायचीच नाही. मग प्रत्येक कार्ड खिडकीशी धरून, डोळे बारीक करून, हाताने टाइप करणं आलं. एका खोक्याचं मी तसं केलं. त्याला तीन आठवडे गेले. मग अप्रेजल जवळ आलं आणि उरलेल्या खोक्यांची मी फक्त पुढची बाजू घातली. मागचं नंतर करू, असं ठरवलं. नंतर म्हणजे कधीच नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

साइट उघडली त्या दिवशी आजोबांनी चहा केला. मी त्यांना पहिल्या खोक्यातली पानं मोठी करून दाखवली.

"दोन्ही बाजू ना, डिअर?"

"हो."

शाळेत टीचरने 'समजलं?' विचारलं की अख्खा वर्ग 'येस मिस' म्हणायचा. न समजलेल्यांचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. माझा त्या दिवशीचा 'हो' त्याच जातीचा होता.

मेमध्ये अमेरिकेतून एका म्हाताऱ्या बाईंची मेल आली. साइटवरच्या मेल मी त्यांना वाचून दाखवायचे. बाईंचा सख्खा मामा एका समुद्री विमानात रेडिओवर होता. विमान एका बेटाच्या खडकांवर पडलं. बाईंनी लिहिलं होतं की वैमानिकाचं नाव आहे, ते बरंच झालं. पण माझा मामा त्याच्या मागेच बसला होता. दोघं एकत्र पडले, मग एकच कसा लिहिला? माझ्या आईने तुम्हाला पत्र पाठवलं होतं.

आजोबांनी मला मेल पुन्हा वाचायला लावली. "तिच्या आईचं पत्र मला आठवतंय," ते म्हणाले. "निळ्या कागदावर होतं. मी नाव उतरवून घेतलं होतं... घेतलं होतं ना?" मग माझ्याकडे वळले. "कार्ड तुझ्याकडे आहे. मागे बघशील?"

खोकी माझ्या पलंगाखाली होती. मी घरी आले, कार्ड काढलं, खिडकीशी धरलं. नाव होतं, हुद्दा होता, गावही होतं. मी ते हातात घेऊन बसले. सांगायचं म्हणजे एका नावाबद्दल सांगायचं नव्हतं, सगळ्या खोक्यांबद्दल सांगायचं होतं. परत गेले आणि म्हटलं, "मागे काही नाहीये."

त्यांनी नुसती मान हलवली. माझ्यावर शंका घ्यावी, असं त्यांच्या मनातही आलं नाही. शंका त्यांनी स्वतःवर घेतली.

बाईंना त्यांनी माझ्याकडूनच उत्तर लिहून घेतलं: चूक माझी आहे, आता माझं वय झालंय, डोकं पूर्वीसारखं चालत नाही. ती वाक्यं मी टाइप केली. एक स्पेलिंगसुद्धा चुकलं नाही.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी ऑफिसमधून आले की कार्डं खिडकीशी धरून बसायचे. कुणाला न सांगता नावं भरत सुटले. पहिल्यांदा त्या मामाचं. मला वाटलं, गुपचूप सगळं भरून टाकलं की झालं.

जूनमध्ये त्यांची मुलगी रेडिंगहून आली. ती आठवड्याला येते, साठीची आहे, घाईत असते. आपण कसं विसरायला लागलो आहोत ते आजोबा तिला सांगत होते. पुरावा म्हणून त्यांनी साइट उघडली, ते पान काढलं. पानावर मामाचं नाव होतं.

हे मला रविवारच्या चहाला त्यांनीच सांगितलं. हसत सांगितलं.

"नाव नाही म्हणून मी दाखवायला गेलो आणि ते तिथेच! ती माझ्याकडे अशी बघत होती... तिची आई गेली तेव्हासुद्धा असं बघितलं नव्हतं. आता मेमरी क्लिनिकची तारीख घेतली आहे. गाडीची किल्लीही नेली तिने. बरोबरच आहे म्हणा. जे दिसत नाही ते दिसतं, जे आठवतं ते घडलेलं नसतं."

मी हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"निळं पत्र खरं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"कार्डाच्या मागे नाव आहे. तुम्ही लिहिलंय. सगळ्या कार्डांच्या मागे आहे. मी घातलंच नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. मग चोरून घातलं." इंग्लिशमध्ये हे सगळं फार छोट्या वाक्यांत होतं. मी चहाकडे बघत बोलत होते.

त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मी लिहिलं होतं?"

"हो."

"सगळ्यांचं?"

"हो. एकही राहिलेला नाही."

ते खुर्चीत ताठ बसले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडावं, असं वाटलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "निळाच कागद होता. मला माहीत होतं." मग टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "हे तिला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, हेही मी रचतोय."

मी फोन लावला. मुलीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती शेवटी म्हणाली, "गेला महिना त्यांनी कसा काढलाय, कल्पना आहे तुला?" मग म्हणाली, "त्यांना फोन दे."

फोन देऊन मी बाहेर पॅसेजमध्ये आले, बूट घालायला लागले. डॉक्टरांची तारीख ती रद्द करणार की नाही, हे विचारायचा मला हक्क नव्हता. आतून तिचा आवाज नाही, फक्त आजोबांचा येत होता.

"नाही, नाही, तसं म्हणू नकोस... अगं, पोर आहे ती. घाबरली असेल. घरापासून इतकी लांब राहते."

एक बूट घातलेला, एक हातात. ते माझी बाजू घेत होते. मला दार उघडून जाता येईना आणि आतही जाता येईना.